मे महिन्यात रिटायर होतोय: पीएफचे पैसे, मुलाचा फ्लॅट आणि साडेपाचची जाग

सातपूरकर | २६ ऑक्टोबर २०२५, रात्री ९:४२

मंडळी नमस्कार. मी इथे वाचतो जास्त, लिहितो कमी. येत्या मे महिन्यात ५८ पूर्ण होतायत आणि कंपनीतून रिटायर होतोय. नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत टूलरूमला (साचे-डाय बनवतात तिथे) आहे, १९९२ पासून एकाच कंपनीत. आमच्या बॅचचे आता बोटावर मोजण्याइतके उरलेत, बाकी सगळी कॉन्ट्रॅक्टची पोरं.

हिशेब सरळ मांडतो, इथे कोण कोणाला ओळखतं. पीएफ साधारण २७ लाख होईल. ग्रॅच्युइटी, शेवटचा बेसिक-डीए ३२ हजार आणि ३४ वर्षं सर्व्हिस धरून, सव्वासहा लाख. पतसंस्थेत ८ लाखांची ठेव आहे, १० टक्क्यांनी. सिडकोतलं घर स्वतःचं, कर्ज नाही. सिन्नरकडे भावाभावांत जमीन आहे. तिच्यातून वर्षाची बाजरी आणि भांडणं निघतात, पैसा निघत नाही. पेन्शन ईपीएस-९५ ची, म्हणजे पीएफवाल्या कंपनी कामगारांना मिळते ती. टाइम ऑफिसमधल्या मुलाने काढून दिली, ४,६०० च्या आसपास बसते. घरखर्च दोघांचा ३० ते ३२ हजार, औषधं धरून. मिसेसना शुगर, मला बीपी.

मुलीचं लग्न झालंय, ती संगमनेरला. मुलगा पुण्यात नोकरीला, मोशीला भाड्याने राहतो. भाऊबीजेला सगळे जेवायला बसलो तेव्हा विषय निघाला. त्याने ६० लाखांचा फ्लॅट बघितलाय, बांधकाम चालू आहे, आणि १५ लाख कमी पडतायत. "मी मागत नाहीये पप्पा, नुसतं सांगतोय," असं म्हणाला. सून काही बोलली नाही. मिसेसचं म्हणणं, आपल्यामागे सगळं त्याचंच आहे, मग आत्ता दिलं तर काय बिघडलं. मला नाही म्हणवत नाही आणि हो म्हटलं तर रात्री झोप लागत नाही.

दुसरी गोष्ट सांगायला जरा अवघड वाटतं. कंपनी सुटल्यावर करायचं काय? फर्स्ट शिफ्टच्या सवयीने रविवारीसुद्धा साडेपाचला जाग येते. आंघोळ, पेपर, चहा सगळं सातला संपतं. दुपारी चारनंतर तर घर खायला उठतं.

सल्ले कसेही द्या, चालतील. फक्त शेअर बाजारात टाका म्हणणाऱ्यांनी जरा समजावून सांगा.

बाभूळझाड | २६ ऑक्टोबर, रात्री ९:५८

१५ लाख द्यायचे नाहीत. विषय संपला. 'नुसतं सांगतोय' म्हणजे मागतोयच.

पासबुक_काका | २६ ऑक्टोबर, रात्री ११:२०

सातपूरकर, आकडे मांडलेत हे फार बरं केलंत. माझी सगळी नोकरी बँकेत गेली आणि निवृत्तीचा चेक घेऊन आलेली माणसं रोज समोर बसायची. त्यामुळे थोडं लांबण लागेल.

३३ लाख, ४१ लाख असे आकडे डोक्यात घोळू देऊ नका. एवढी रक्कम एकदम दिसली की माणसाला आपण श्रीमंत झाल्यासारखं वाटतं, आणि नातेवाइकांना तर त्याच्या आधीच वाटायला लागतं. त्या रकमेचा आधी पगार करा. घरात, मुलाशी, भावांशी बोलताना सुद्धा 'महिन्याला किती पडतात' एवढंच बोला.

तुमचा पगार असा होतो. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत एका माणसाला ३० लाख ठेवता येतात (एप्रिल २०२३ च्या आधी मर्यादा १५ लाख होती). सध्या व्याज ८.२ टक्के आहे, दर तिमाहीला मिळतं आणि आज ठेवलं की हाच दर पाच वर्षं पक्का. ३० लाखांवर तिमाहीला ६१,५०० येतात, म्हणजे महिन्याला २०,५००. अधिक पेन्शन ४,६००. झाले २५,१००. उरलेल्या सव्वाअकरा लाखांतले आठ लाख पोस्टाच्या मासिक प्राप्ती योजनेत ७.४ टक्क्यांनी ठेवले तर आणखी ४,९३३. एकूण साधारण ३० हजार. तुमचा खर्च आजच ३० ते ३२ आहे. म्हणजे काठावर आणि हाताशी सव्वातीन लाख.

आता यातून १५ लाख काढा. राहिले सव्वासव्वीस. २६ लाखांचे महिन्याला १७,७६७ आणि पेन्शन धरून २२,३६७. हाताशी पंचवीस हजार रुपये. एका अँजिओप्लास्टीची तजवीज नाही.

आणि हे आजचे भाव. महागाई सहा टक्के धरली तर बाराएक वर्षांत खर्च दुप्पट होतो. तुम्ही सत्तरीला याल तेव्हा याच डाळ-तांदळाला साठ हजार लागतील आणि ईपीएसची पेन्शन तेव्हाही ४,६०० च असेल, कारण तिला महागाई भत्ता नाही. तुमच्या पश्चात मिसेसना तिच्या निम्मी, म्हणजे २,३००.

एक नियम लक्षात ठेवा, कारण यात लोकांचा गोंधळ होतो. साठ पूर्ण नसले तरी ५५ नंतर रिटायर झालेल्याला ज्येष्ठ नागरिक योजनेचं हे खातं उघडता येतं. पण निवृत्तीचे पैसे हातात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत, आणि निवृत्तीचे म्हणून मिळालेत तेवढ्याच रकमेपर्यंत. तुमचे पीएफ-ग्रॅच्युइटी मिळून सव्वातेहतीस होतात, म्हणजे ३० बसतात. कंपनीचं पत्र जपून ठेवा, काउंटरवर मागतील. खातं मिसेसबरोबर जॉइंट काढा. तुमचं काही बरंवाईट झालं तर त्यांना ते मुदतीपर्यंत त्याच व्याजाने चालू ठेवता येतं.

पतसंस्थेबद्दल उद्या लिहितो. ते वाचून मला झोप लागणार नाही.

ड्रिलबिट | २७ ऑक्टोबर, सकाळी ६:०५

अंबडचा टूलरूमवाला हजर आहे. वेळ बघा, मलाही जाग येते साडेपाचलाच.

पैशाचं काका सांगतायत ते बरोबर. मी दुसऱ्या प्रश्नावर बोलतो. कंपनी तुम्हाला कॉन्ट्रॅक्टवर पुन्हा बोलवील, नक्की बोलवील, कारण डाय बसवणारा माणूस त्यांना मिळत नाही. मी गेलो होतो. तोच शॉप, तेच मशीन, आणि कालपर्यंत ज्याला मी मायक्रोमीटर कसा धरायचा ते शिकवलं तो माझा सुपरवायझर. पोरगा चांगला होता, तोच जास्त अवघडायचा. कॅन्टीनचं कूपन पण वेगळ्या रंगाचं. थोडे महिने काढले आणि सोडलं.

आता एका खाजगी आयटीआयत तासिका तत्त्वावर शिकवतो. मानधन वेळेवर येत नाही, त्यावर घर चालवायचं असेल तर विचार सोडा. पण अकरा ते दोन पोरं समोर असतात. सोळा-सतरा वर्षांची, खेड्यातून आलेली, ड्रॉइंग वाचता येत नाही पण हात चांगला. घरी गेलो की पुढच्या दिवशी काय शिकवायचं ते डोक्यात असतं. मला एवढं पुरतं.

गुरुजी_नगर | २७ ऑक्टोबर, सकाळी ८:३०

जिल्हा परिषदेचा निवृत्त शिक्षक. जुनी पेन्शन, महागाई भत्त्यासह. ४,६०० आकडा वाचून वाईट वाटलं. ३४ वर्षं मशीनवर उभं राहून एवढंच?

डीसीपीएसवाला | २७ ऑक्टोबर, सकाळी ८:५१

गुरुजी, तुमचं बरं आहे. आम्ही १ नोव्हेंबर २००५ नंतर सरकारी नोकरीत लागलो म्हणून आम्हाला जुनी पेन्शन नाही. मार्च २०२३ चा संप आठवतो का? एकच मिशन, जुनी पेन्शन!

बाभूळझाड | २७ ऑक्टोबर, सकाळी ९:१०

आलं मिशन. सरकारी पेन्शनसाठी वेगळा धागा आहे, तिकडे भांडा. इथे माणूस ४,६०० वर बोलतोय.

पासबुक_काका | २७ ऑक्टोबर, दुपारी १२:४०

गुरुजींच्या प्रश्नाचं उत्तर, कारण खूप जणांना हे माहीत नसतं. ईपीएसचं सूत्र सोपं आहे: पगार गुणिले सेवेची वर्षं भागिले ७०. पण 'पगार' म्हणजे तुमचा खरा पगार नाही, मर्यादेतला पगार. ती मर्यादा ऑगस्ट २०१४ पर्यंत ६,५०० होती आणि त्यानंतर १५,००० झाली. आधीची वर्षं आधीच्या मर्यादेने मोजतात. म्हणून ३२ हजार बेसिकवाला माणूस पाच हजारांच्या आत अडकतो. किमान पेन्शन २०१४ पासून १,००० रुपये आहे. ती ७,५०० करा म्हणून बुलढाण्यात पेन्शनरांचं साखळी उपोषण चालू आहे, तेही वर्षानुवर्षं. झाली तर आनंद आहे, पण हिशेबात धरू नका.

आता पतसंस्था. बँकेतल्या ठेवींना ५ लाखांपर्यंत विमा असतो, फेब्रुवारी २०२० पासून. सहकारी बँकेलाही असतो. पतसंस्थेला नसतो. एक रुपयाचाही नाही. पतसंस्थेचे १० टक्के आणि बँकेचे ७ टक्के यांतला तीन टक्क्यांचा फरक म्हणजे ८ लाखांवर वर्षाला २४ हजार. तेवढ्यासाठी तुम्ही आठ लाख टांगून ठेवलेत.

सातपूरकर | २७ ऑक्टोबर, रात्री ९:१५

काका, एवढं कोणी बसून सांगत नाही हो. वाचून मिसेसना दाखवलं. त्या म्हणाल्या, २,३०० मला? मी म्हटलं हो.

पतसंस्थेचे चेअरमन आमच्या ओळखीतले आहेत. मुलीच्या लग्नाला आले होते. एकदम पैसे काढले तर बरं दिसणार नाही.

एका मित्राने सांगितलं की पेन्शन साठीपर्यंत पुढे ढकलली तर वाढते. करावं का?

पासबुक_काका | २७ ऑक्टोबर, रात्री ९:५०

वर्षाला चार टक्के वाढते. दोन वर्षं थांबलात तर ४,६०० चे साधारण ४,९७५ होतील. महिन्याला ३७५ जास्त. त्यासाठी दोन वर्षांचे १,१०,४०० सोडायचे. भरून निघायला चोवीस वर्षं लागतील. तुम्ही ८४ व्या वर्षी फायद्यात याल. घ्या सुरू करून.

चेअरमन लग्नाला आले होते ते ठीक आहे. ठेवीदाराने लग्नाला बोलावलं की प्रत्येक चेअरमन येतो.

रेवती_पुणे३८ | २८ ऑक्टोबर, सकाळी १०:२०

सातपूरकर काका, एक विचारू का? १५ लाख मुलाला द्यायचे की नाही यावर एवढे प्रतिसाद आले. मुलीचं काय? एकानेही विचारलं नाही.

सातपूरकर | २८ ऑक्टोबर, दुपारी १:३५

मुलीने कधी काही मागितलं नाही. तिचं चांगलं चाललंय. जावईबापू पण समंजस आहेत.

रेवती_पुणे३८ | २८ ऑक्टोबर, दुपारी १:५२

मागितलं नाही म्हणूनच विचारतेय. भाऊबीजेला तीही होती ना ताटावर? तिच्यासमोरच विषय निघाला? तुमच्या आजारपणात सिव्हिलला किंवा खाजगीत डबा घेऊन संगमनेरहून कोण येणार आहे, तेही बघा. माझ्या माहेरी नेमकं हेच झालं. दिल्याचं मला काही वाटलं नाही, पण मला कळलं ते वहिनीच्या बोलण्यातून. द्यायचे असतील तर द्या, पण तिला तुमच्या तोंडून सांगा.

हप्तेवाला_मोशी | २८ ऑक्टोबर, रात्री १०:३०

मी दुसरी बाजू मांडतो, मारू नका. मीही मोशीतच राहतो, मलाही फ्लॅट घेताना रक्कम कमी पडली होती, आणि माझेही वडील कंपनीतून रिटायर झालेले.

६० लाखांच्या फ्लॅटचं गणित मांडतो. बँक ८० टक्के देते, म्हणजे ४८. स्वतःचे १२. स्टॅम्प ड्युटी पिंपरी-चिंचवडमध्ये ७ टक्के, ४ लाख २० हजार. रजिस्ट्रेशन ३० हजार. चालू बांधकाम म्हणून ५ टक्के जीएसटी, ३ लाख. बेरीज साडेएकोणीस. म्हणजे काकांच्या मुलाकडे साडेचार लाख आहेत आणि १५ कमी पडतायत. बरोबर?

आता यातले किती खरंच लागतात ते बघा. पूर्णत्वाचा दाखला मिळालेला किंवा रिसेल फ्लॅट घेतला तर जीएसटी लागत नाही, ३ लाख तिथेच वाचले. खरेदी फक्त सुनेच्या नावावर केली तर स्टॅम्प ड्युटीत एक टक्का सूट आहे, ६० हजार वाचले. ६० च्या जागी ५० लाखांचा जुना टू बीएचके भोसरी-दिघीकडे बघितला तर सगळं मिळून साधारण साडेतेरा लाखांत बसतं. साडेचार आहेतच. अडचण १५ ची उरत नाही, नऊची उरते. आणि मुलगा-सून दोघं कमावते असतील तर दीड वर्षं भाड्यात काढून त्यातले निम्मे स्वतः जमवतील.

मी वडिलांकडून १० लाख घेतले, पण कर्जाऊ. पोस्टात त्यांना मिळालं असतं तेवढंच व्याज, महिन्याला ६,८३३, दर एक तारखेला त्यांच्या खात्यात जातं. स्टँडिंग इन्स्ट्रक्शन लावलीय, म्हणजे मी रोज उठून उपकार करतोय असं त्यांना वाटत नाही आणि मलाही विसरायला जागा नाही.

बाभूळझाड | २८ ऑक्टोबर, रात्री १०:४४

आणि नोकरी गेली की? आयटीत रोज काढतायत. बाप मुलाला नोटीस पाठवणार?

हप्तेवाला_मोशी | २८ ऑक्टोबर, रात्री ११:०२

नाही पाठवणार. म्हणूनच ज्या पैशाशिवाय त्यांचा महिना निघतो तेवढेच घ्यायचे. माझ्या वडिलांकडे त्याशिवाय दुकानाचं भाडं होतं. सातपूरकर काकांकडे ते नाहीये, हे मला मान्य आहे.

सुगरण_नाहीये | २९ ऑक्टोबर, दुपारी ३:१०

सगळे पैशावर बोलतायत, आता मिसेसच्या बाजूनं ऐका. आमचे हे वीज मंडळातून रिटायर झाले. पहिल्या महिन्यात त्यांनी स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांना लेबलं लावली. धने, जिरे, मोहरी. मोहरी दोन डब्यांत का, यावर चौकशी बसली. मी तेहेतीस वर्षं डोळे मिटून डबा काढते, मला लेबल कशाला? मग गॅस किती दिवस पुरतो ते कॅलेंडरवर लिहायला लागले. मग मी फोनवर बहिणीशी किती वेळ बोलते ते.

माणूस वाईट नाही. ऑफिसात हाताखाली अठरा माणसं होती, ती गेली आणि मी एकटी उरले.

शेवटी मीच वाटणी केली. भाजी, दळण, लाइट बिल, पाण्याचा टँकर, सोसायटीची मीटिंग त्यांच्याकडे, आणि त्यात मी बोलणार नाही. वांगी किडकी आणली तरी नाही. दुपारी एक ते चार घर माझं. त्या वेळात ते वाचनालयात नाहीतर ज्येष्ठ नागरिक संघात. मंगळवारी माझं भजनी मंडळ, त्या दिवशी रात्रीची खिचडी ते करतात. पहिल्यांदा कच्ची व्हायची. आता शेजारी मागून नेतात.

सातपूरकर भाऊ, तुम्ही 'दुपारी चारनंतर घर खायला उठतं' लिहिलंत. तुमच्या मिसेसना ती चार वाजताची वेळ कशी जाते, कधी विचारलंत? त्यांचं त्या वेळचं काहीतरी ठरलेलं असणार. त्यात घुसू नका, एवढंच सांगते.

ड्रिलबिट | २९ ऑक्टोबर, दुपारी ३:२५

लेबलं मी पण लावली होती. टूलरूमवाल्याचा हात थांबत नाही वहिनी.

माई_मिरज | ३० ऑक्टोबर, सकाळी ११:४५

मला टाइप करायला वेळ लागतो, सांभाळून घ्या. आमच्या यांना जाऊन तीन वर्षं झाली. सगळे व्यवहार ते बघायचे. मी कधी एटीएममध्ये पाऊल टाकलं नव्हतं. पासबुकं कपाटात आहेत एवढं माहीत होतं.

ते गेल्यावर कळलं की मोठी ठेव एकट्याच्या नावावर होती आणि नॉमिनी म्हणून सासूबाईंचं नाव. सासूबाई जाऊन किती वर्षं झाली होती. लग्नाआधी उघडलेलं खातं, पुढे नाव बदलायचं राहून गेलं. मग कोर्टातून वारस प्रमाणपत्र. वर्षावर गेलं ते. तोवर माझा खर्च भावाने केला. भावाने कधी बोलून दाखवलं नाही, पण मला जेवण जायचं नाही.

तुम्ही एक साधी दोनशे पानी वही करा. खाती कुठे, ठेवी कधी संपतात, पीएफचा नंबर, लॉकरची किल्ली, मेडिक्लेमचं कार्ड, गॅस कोणाच्या नावावर, घरपट्टी कोणाच्या नावावर. आणि वही करून थांबू नका. वहिनींना एकटं बँकेत पाठवा, स्लिप त्यांना भरू द्या, तुम्ही बाहेर स्कूटरवर बसा. चुकलं तर चुकू दे. मी हे सगळं ५९ व्या वर्षी रडत शिकले, त्या हसत शिकतील.

पासबुक_काका | ३० ऑक्टोबर, दुपारी २:०५

माई, तुम्ही लिहिलंत ते फार महत्त्वाचं आहे. त्यात भर: नॉमिनीला पैसे सोपवले जातात, मालकी वारसांची किंवा मृत्युपत्रात लिहिलेल्यांची. त्यामुळे मृत्युपत्र करा. साध्या कागदावर चालतं, रजिस्टर करणं सक्तीचं नाही, दोन साक्षीदार लागतात, आणि ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका. घर मात्र हयातीत कोणाच्या नावावर करून देऊ नका. कितीही गोड मुलगा असो. द्यायचंच झालं तर 'आमचा सांभाळ करण्याच्या अटीवर' हे बक्षीसपत्रात लिहून घ्या, कारण २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात सांभाळ न केल्यास असा व्यवहार रद्द करून घेण्याची सोय त्या अटीवर उभी आहे.

मेडिक्लेम राहिला. सातपूरकर, तुमचा कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम मे महिन्यात संपेल. शुगर-बीपी असलेल्या दोघांची पॉलिसी आत्ताच बघायला घ्या, निरोपसमारंभ झाल्यावर नव्हे. एप्रिल २०२४ पासून जुन्या आजारांसाठी थांबण्याचा काळ जास्तीत जास्त तीन वर्षं आहे आणि वयाची ६५ ची अटही राहिलेली नाही. ग्रुपमधून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता आलं तर इतकी वर्षं झालेली गणली जातात, एचआरला विचारा. यंदाच्या २२ सप्टेंबरपासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी लागत नाही, तेवढा भार हलका झाला. हप्ता तरी साठ-सत्तर हजारांकडे जाऊ शकतो, तो महिन्याच्या पगारात धरा. आयुष्मानचं ५ लाखांचं कार्ड उत्पन्न न बघता मिळतं, पण सत्तरीनंतर.

सातपूरकर | ३० ऑक्टोबर, रात्री ९:३०

म्हणजे महिन्याला आणखी पाच-सहा हजार. मग तर काठावरही नाही बसत.

पासबुक_काका | ३० ऑक्टोबर, रात्री १०:१५

नाही बसत. म्हणूनच ती शेअर बाजाराची गोष्ट, जी तुम्ही समजावून मागितली होती. पतसंस्थेतून सुटतील त्यातले तीन लाख बँकेत साध्या ठेवीत, अडीअडचणीला. उरलेल्या पाचांना सात वर्षं हात लावायचा नाही, आणि ते एखाद्या जुन्या, मोठ्या हायब्रिड (थोडे शेअर, थोडे कर्जरोखे घेणाऱ्या) म्युच्युअल फंडात, एकदम नाही तर वर्षभर थोडे थोडे. पडतील, वर जातील. पडलेले दिसले की तुम्हाला काढावेसे वाटतील, म्हणून ॲप मोबाइलवर घेऊच नका. हे पैसे पासष्टीनंतरच्या महागाईसाठी. आजची तूट मात्र कमवूनच भरायची. पाच-सात हजार ड्रिलबिटसारखं काहीतरी करून. तुमच्या हातात कसब आहे, आम्हा कारकुनांपेक्षा तुम्ही सुखी.

देवगडी | ३१ ऑक्टोबर, सकाळी ७:२०

गावी जाऊन राहा असं कोणीतरी सांगेलच, म्हणून आधीच लिहितो. आम्ही मुंबई सोडून गावी आलो, घर दुरुस्त केलं, त्यात पीएफचा चांगला घास गेला. मजा येते, खोटं नाही. पण साधा स्पेशालिस्ट डॉक्टर बघायचा तर कणकवली गाठावी लागते, आणि पावसात लाइट कधी येईल ते वायरमनच्या मर्जीवर. पहिलं वर्ष नुसते जाऊन-येऊन राहा. भिंतीला हात लावू नका.

सातपूरकर | ९ नोव्हेंबर, रात्री ८:५५

उशिरा लिहितोय. मध्ये मुलाला बोलावून घेतलं, मुलीलाही. चौघं बसलो. काकांचा हिशेब मी कागदावर उतरवून काढला होता, तो मधोमध ठेवला. मुलगा बराच वेळ बघत होता. त्याला वाटत होतं पेन्शन पंचवीस हजार तरी असेल. आम्ही कधी बोललोच नव्हतो या विषयावर. मुलगी म्हणाली, मला काही नको, पण दादाला जे द्याल ते मला सांगून द्या. रेवतीताई, तुमचेच शब्द.

ठरलं ते असं. १५ द्यायचे नाहीत. पाचही नाहीत. तो चालू बांधकामाचा फ्लॅट सोडतोय, रिसेल बघेल, सुनेच्या नावावर. मिसेसनी त्यांच्या गळ्यातलं नाही पण लॉकरमधलं जुनं सोनं दोघा मुलांना सारखं वाटून द्यायचं ठरवलंय. त्यात मी बोललो नाही, ते त्यांचं आहे. मुलगा जाताना थोडा गप्प होता. पोचल्यावर फोन केला, नीट बोलला.

वही केली. मिसेस परवा बँकेत गेल्या, मी स्कूटरवर. बाहेर आल्या त्या रागाने, कारण तिथल्या मुलीने त्यांना 'आजी' म्हटलं.

आयटीआयचं ड्रिलबिट साहेबांना मेसेज केलाय. पतसंस्थेची ठेव ऑगस्टमध्ये संपते, तोवर राहू देतो. मुदतीआधी मोडली तर व्याज कापतील.

ड्रिलबिट | ९ नोव्हेंबर, रात्री ९:०२

मेसेज पाहिला. जूनमध्ये नवीन बॅच येते, एप्रिलला प्राचार्यांना भेटवतो. सर्टिफिकेटं आणि एक्सपीरियन्स लेटर काढून ठेवा.

पासबुक_काका | ९ नोव्हेंबर, रात्री ९:३०

कापू द्या. उद्या सोमवार आहे, जाऊन अर्ज द्या, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का-सही घेतल्याशिवाय बाहेर पडू नका.